मुलांबरोबर परके शहर : एक अनुभव, थोडा अभ्यास

(कला शाखा, द्वितीय वर्ष)

आपल्या मराठीत प्रवासवर्णने पुष्कळ आहेत, परंतु त्यांत लहान मुले फारशी भेटत नाहीत. गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले ते घर वरसईला ठेवून. सतराव्या शतकात आपल्या या शहरात येऊन गेलेल्या तेव्हेनो या फ्रेंच प्रवाशाच्या वर्णनात वाटा आहेत, इमारती आहेत. घरचे पोर हाताशी नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, हा मोठाच अपवाद. एकूण रीत अशी दिसते की, परका मुलूख पाहायचा तो मोठ्या माणसाने, आणि तोही शक्यतो पुरुषाने. मुलांनी घरी राहून त्याच्या गोष्टी ऐकायच्या.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या पाच माणसांना तीन दिवस आपले शहर दाखवले. आई, आजी, भाऊबीजेला माहेरी आलेली थोरली बहीण आणि तिची दोन मुले. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. त्या तीन दिवसांची टिपणे मी ठेवली होती. परक्या संस्कृतीच्या शहरात मुले नेमके काय पाहतात, काय विचारतात आणि आपण मोठी माणसे त्यांना काय उत्तर देतो, याचा थोडा विचार त्या टिपणांवरून येथे करावयाचा आहे. पाहणी एकाच घरातली आहे. तिला किती वजन द्यायचे ते वाचकांनी ठरवावे.

आमचे गाव सिल्लोड तालुक्यात. जिल्हा हाच, एस.टी.ने दोन-अडीच तासांची वाट. तरीही आई याआधी शहरात दोनदाच आली होती आणि दोन्ही वेळा दवाखान्यात. वडील या खेपेस आले नाहीत. कपाशी वेचणीला आली होती आणि जनावरांकडे पाहणारे दुसरे कोणी नव्हते. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे शहरातले मला सर्व माहीत असणार, असे घरच्यांनी धरूनच ठेवले होते. वस्तुस्थिती निराळी होती. दोन वर्षे मी खोली, कॉलेज, खानावळ आणि अभ्यासिका या चौकोनाबाहेर फारसा पडलो नव्हतो. पाणचक्की मी आतून पाहिलेली नव्हती. (वाचकांपैकी किती जणांनी पाहिली आहे, हे त्यांनी मनातल्या मनात मोजावे.) तेव्हा सुट्टी लागण्यापूर्वी दोन दुपारी ग्रंथालयात बसून मी दरवाजे, सने, बादशहा, सुभेदार अशी वहीची सोळा पाने भरून काढली. त्या पानांचा उपयोग किती झाला ते पुढे येईलच.

वेरूळ मी मुद्दाम वगळले. मुलगा शाळेच्या सहलीत तेथे जाऊन आला होता, आणि सहा माणसांचा एक दिवस प्रवासातच गेला असता. वेरूळ न दाखवता कसले शहर दाखवलेस, असे आमच्या एका सरांनी नंतर म्हटले. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण सरांबरोबर सहा वर्षांची भाची नव्हती.

गाडीत आजीला तिकीट लागले नाही, आई आणि बहिणीला अर्धे लागले. आजीला पंचाहत्तर पूर्ण झालेली आहेत, पण तिच्या जन्माची तारीख कोणालाच ठाऊक नाही. विचारले की ती एवढेच सांगते, "मी रझाकारातली." म्हणजे १९४८ च्या आसपासची. त्या पावसाळ्यात तिच्या आईने तिला पोटाशी धरून एक सबंध रात्र बाजरीच्या शेतात काढली, ही गोष्ट आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. ती आजीने पाहिलेली नाही, तिने ऐकलेली आहे. तरी ती सांगताना तिचा आवाज बदलतो. शहरातल्या जुन्या पेठांत जायचे म्हटल्यावर ती गाडीतच म्हणाली, "तिकडं कामून नेतो पोरायला?"

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्या गावातही मुसलमानांची घरे आहेत. पण ती चार-सहा घरे. ती माणसे आमच्यासारखीच बोलतात, आमच्याच बांधाला त्यांची शेते आहेत, आणि म्हणून ती 'परकी' असे कोणाच्या मनात येत नाही. शहरात मात्र गल्लीच्या गल्ली त्यांची, पाट्यांवर निराळी लिपी, कानांवर निराळी बोली, वासही निराळे. संख्या वाढली की ओळखीच्या माणसाचाही समाज होतो आणि समाजाची भीती वाटते, असे काहीसे हे असावे. माझ्या भाच्याची भीती आणखी वेगळी होती. ती त्याला मोबाईलवरून मिळालेली होती.

शहराच्या नावापासूनच मुलांचे प्रश्न सुरू झाले. एस.टी.च्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर, आजीच्या तोंडी औरंगाबाद. भाच्याने विचारले, मग खरे नाव कोणते? मी वहीतले पान काढले. मलिक अंबरने १६१० साली खडकी या खेड्याच्या जागी राजधानी वसवली. १६२६ मध्ये त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, तिचे फत्तेनगर केले. १६५३ मध्ये औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होऊन आला आणि औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये सरकारी कागदांवर छत्रपती संभाजीनगर आले. भाची म्हणाली, "मंग खडकी कुठं गेली?" तिला मी खडकेश्वराचे देऊळ दाखवले आणि त्या नावात खडकी अजून ऐकू येते, असे सांगितले. तिने देवळाच्या पायरीला हात लावून पाहिला. सोळा पानांपैकी कामास आलेले हे पहिले पान.

माझ्या खोलीतले दोघे सोबती सुट्टीत गावी गेले होते, म्हणून राहण्याची सोय झाली. पहिल्या संध्याकाळी आम्ही औरंगपुऱ्यातून निघून गुलमंडी, सिटी चौक करीत शहागंजपर्यंत पायी गेलो. चालण्यासारखे साधन नाही. रिक्षाने गेलो असतो तर भाच्याला पाट्या वाचता आल्या नसत्या, आणि या प्रवासातला त्याचा सर्वांत मोठा शोध पाट्यांचाच होता. गुलमंडीला सर्व मराठीत, पुढे दोन्ही लिप्यांत, आणि आणखी पुढे काही केवळ उर्दूत. तो एका कापडदुकानासमोर उभा राहिला व मोठ्याने म्हणाला, "मामा, हे कामून उलटं लिहिलंय?" मी त्याचा हात ओढला. दुकानदाराने ऐकले होते. पन्नाशीचा गृहस्थ, डोक्यावर जाळीची टोपी. त्याने भाच्याला जवळ बोलावून नाव विचारले, बिलाच्या कागदावर ते उजवीकडून डावीकडे लिहून दिले आणि म्हणाला, "तू लिखता उल्टा, हम तो सीधाच लिखते." भाच्याने तो कागद तीन दिवस खिशात ठेवला.

त्या 'सीधाच'ने माझ्या अभ्यासाला दिशा दिली. मी भाच्याला एक लहान वही घेऊन दिली आणि सांगितले, बाजारात जेवढे आपले शब्द ऐकू येतील तेवढे लिही. शहागंजच्या फळांच्या गाड्यांपाशी त्याने पहिले पान भरले. 'नक्को.' 'अब्बीच आया.' 'वहीच भाव.' त्याला मोठे नवल वाटले, की ही माणसे हिंदी बोलतात आणि आपला 'च' लावतात! आमच्या मराठीच्या सरांना मी हे नंतर सांगितले. ते म्हणाले की दख्खनी बोलीतला हा 'च' मराठीच्या सहवासातूनच आला, असे भाषाभ्यासक मानतात. उत्तरेकडच्या उर्दूत जेथे 'ही' येतो तेथे दख्खनीत 'च' येतो. आपण वर्गात वली आणि सिराज यांची नावे ऐकतो. हे दोघेही याच शहराशी जोडलेले कवी, आणि उर्दू कवितेचा आरंभ सांगताना त्यांना वगळता येत नाही. पण त्या बोलीत आपले काही मिसळलेले आहे हे मला नऊ वर्षांच्या मुलाच्या वहीतून कळले.

रात्री खोलीवर मी उलटा खेळ मांडला. आईच्या दिवसभराच्या बोलण्यातले शब्द घेतले : बाजार, दुकान, किंमत, वजन, खर्च, बाकी, हिशेब, रुमाल, जमीन. हे सर्व फारसी-अरबीतून आलेले, असे मी सांगितले. शिवकाळात राजव्यवहारकोश तयार झाला, कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले, पेशव्याचा पंतप्रधान आणि मुजुमदाराचा अमात्य झाला, हे आपण अभ्यासतोच. (त्यांपैकी पेशवा पुढे परत येऊन बसलाच.) बाजारातल्या शब्दांना मात्र कोणी हात लावू शकले नाही. आई म्हणाली, "मंग जमीनबी आपली नाही का?" ती थट्टेने म्हणाली. भाच्याने मात्र ते मनाला लावून घेतले. त्याने वहीच्या नव्या पानावर 'आपले' असे शीर्षक घातले आणि खाली लिहिले : भाकर, शेत, पाऊस, बैल, माय. मग पेन्सिल चघळीत तो बराच वेळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीबीका मकबरा. याविषयी फार लिहीत नाही, कारण त्याची माहिती कोठेही मिळते. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिची ही कबर तिचा मुलगा आझमशहा याच्या नावावर सांगितली जाते. काम अताउल्ला आणि हंसपतराय यांनी केले. तवारीखनाम्यात खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये असा आहे. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला, मधल्या बऱ्याच भागाला चुन्याचा गिलावा. भाच्याचा निकाल एका वाक्यात लागला : "ताजमहालापेक्षा बारकाय." मी आकडे सांगू लागलो तेव्हा भाची कारंज्याच्या रिकाम्या हौदात वाळकी पाने गोळा करीत होती. आत कबरीवर माती उघडी ठेवली आहे, हे तेवढे तिच्या लक्षात राहिले. "पलंगावर माती कामून?" असे तिने विचारले. त्या जाळीतून खाली पाहताना आजीने न बोलता हात जोडले. मेलेल्या माणसाला हात जोडायचे, एवढाच तिचा नियम असावा.

बाहेर बागेत परदेशी पाहुण्यांचा एक गट होता. त्यांतल्या एका बाईला आजीचे नऊवारी आणि कपाळावरचे गोंदण फार आवडले व तिने खुणेने फोटोची परवानगी मागितली. मग एकामागून एक चौघांनी फोटो काढले. मकबरा पाहायला आलेली आजीच प्रेक्षणीय होऊन बसली! ती मला हळूच म्हणाली, "माझं काय पाहून राह्यले हे?" हे वाक्य मी त्याच वेळी लिहून ठेवले. आम्ही काल शहागंजात बुरख्यातल्या बायकांकडे टक लावून पाहत होतो, तेव्हा त्यांपैकी कोणी असेच म्हटले असेल.

दुपारची उन्हे टळेपर्यंत खोलीवर विश्रांती. मुलांसह हिंडणाऱ्याने हा नियम मोडू नये. अर्ध्या दिवसात एकच जागा, पाण्याची बाटली, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह कोठे आहे याची आधी चौकशी. ही शेवटची गोष्ट माझ्या सोळा पानांत नव्हती, कारण ती लिहिणारा मी मुलगा. बहिणीने सकाळपासून पाणी का कमी प्यायले हे मला दुपारी कळले.

संध्याकाळी पाणचक्कीला निघालो. वाटेत भडकल दरवाजा लागला. मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून तो १६१२ साली उभारला. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. भाची लांबूनच ओरडली, "आपल्या शाळेतले बाबासाहेब!" परक्या ठिकाणी ओळखीचा चेहरा दिसला की मूल कसे खुलते ते पाहण्यासारखे होते. तेथून पुढे तिने माझा हात सोडून दिला व ती पुढे पुढे चालू लागली.

पाणचक्कीच्या दाराशी भाचा थांबला. आत दर्गा आहे, मशीद आहे, हे त्याला दिसले होते. त्याने विचारले, "मामा, हे त्यांचं हाये का आपलं?"

हा प्रश्न येणार हे मला दोन दिवसांपासून माहीत होते, आणि तरीही माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजी ऐकत होती. मी चटकन म्हणालो, "सरकारचं." हे उत्तर पळवाट तर होतेच, शिवाय चूकही होते, कारण पाणचक्की वक्फकडे आहे व वक्फ मंडळाचे कार्यालय त्याच आवारात आहे. शिकलेल्या माणसाने मुलाच्या प्रश्नापुढे खोटे बोलावे, हे मला आजही टोचते.

पण आत गेल्यावर पाणी होते आणि पाण्याने मला सांभाळून घेतले. मोठा हौद, त्यात कारंजी, आणि एका बाजूच्या उंच भिंतीवरून कोसळणारी पाण्याची चादर. मुले धावतच सुटली. हे पाणी उत्तरेकडच्या डोंगरातून, कित्येक किलोमीटरांवरून, जमिनीखालच्या नळांनी आणलेले. ते उंच चढवले आहे, मग सोडले आहे. त्याच्या जोरावर खाली चक्र फिरते व चक्राच्या आसाबरोबर वरचे जाते फिरते. १७४४ च्या सुमारास तुर्कताजखान या सरदाराने ही सोय केली, ती येथल्या फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि वाटसरूंसाठी दळण व्हावे म्हणून. हौदाच्या तळाखाली मोठे दालन आहे. म्हणजे हौदाचा तळ हेच त्याचे छत. उन्हाळ्यात ते थंड राहते. आई जात्यापाशी बराच वेळ उभी होती. लहानपणी तिने पहाटे उठून जात्यावर दळलेले आहे. ती म्हणाली, "पाण्याला दळाय लावलं! कोन्या तरी बाईचा हात वाचला." या यंत्रावर इतिहासाच्या पुस्तकांत जे लिहिले आहे त्यात ही गोष्ट मी कोठे वाचलेली नाही.

ज्यांचा हा दर्गा ते बाबा शहा मुसाफिर बुखाऱ्याकडून आलेले सूफी. मुसाफिर म्हणजे प्रवासी, हे मुलांना सांगावे लागले नाही. "म्हंजी आपल्यासारखे," भाची म्हणाली. तेथेच कठड्यावर बसून मी त्यांना मलिक अंबरची गोष्ट सांगितली, कारण शहरात असे दूरचे पाणी जमिनीखालून आणण्याची वाट त्याने शंभर वर्षे आधी नहर-ए-अंबरीने घालून दिली होती. तो आफ्रिकेतला, हबसाणातला. लहानपणी त्याचे नाव चापू. (मुले येथे पोट धरून हसली.) त्याला गुलाम म्हणून विकले. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात असे करीत तो बगदादला गेला, तेथून दक्षिणेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीत ज्याने त्याला विकत घेतले तो चंगीजखानही हबशीच. पुढे हा चापू निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षे दाद दिली नाही, वेरूळच्या भोसल्यांचे शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढले, आणि आपण आज ज्या गावात बसलो आहोत ते त्याने वसवले.

भाचीचे हसू थांबले होते. तिने विचारले, "त्याला विकलं तव्हा त्याची माय कुठं होती?"

माझ्या वहीत हे नव्हते. मी तसे सांगितले. ती म्हणाली, "मंग ती इथं आली का नंतर?" मी नाही म्हणालो. भाचा मध्येच म्हणाला, "म्हंजी ज्यानं गाव केलं तोच इथला नव्हता." आणि थोड्या वेळाने, "मंग हे कुणाचं?" दारातला प्रश्न त्याने सोडलेला नव्हता. या खेपेस मी खरे सांगितले, की दर्गा मुसलमानांचा आहे, वक्फ तो सांभाळते, पाणी डोंगरातले आहे, पीठ येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी होते, आणि तिकीट काढून आपण सर्वच येथे बसतो. त्याचे समाधान झाले असे मला वाटत नाही. तो पाण्याकडे पाहत राहिला.

इकडे वडाखाली आजीच्या शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली होती. काळा बुरखा, तोंड उघडे, दोन नातवंडे हौदाशी. "कहाँसे आये बहन?" असे तिने विचारले. आजीने मराठीत उत्तर दिले. ती बाई लगेच मराठीवर आली, आणि तेही आमच्याच बाजूच्या मराठीवर. तिचे माहेर फुलंब्रीकडचे निघाले. मुले कामासाठी शहरात आली म्हणून ती आली. तिलाही येथे करमत नव्हते. दोघींचे गुडघे, सुनांचे स्वभाव, यंदाचा पाऊस असे बोलणे चालले. मी मुद्दाम लांब राहिलो. मला वाटले, आता आजीची बाजरीच्या शेतातली रात्र पुसली जाणार. गोष्टीत तसे झाले असते. परत येताना आजी म्हणाली, "बाई चांगली व्हती. मला पानी देऊन राह्यली व्हती, पण म्या माझ्या बाटलीतलंच पेलं."

मी तिला काही बोललो नाही. बोलायला हवे होते का, हे मला ठरवता आलेले नाही. त्या १९४८ च्या सालाला दुसरीही बाजू आहे. पोलिस कारवाईनंतर संस्थानातल्या मुसलमान कुटुंबांनी काय सोसले याची पाहणी करून सुंदरलाल समितीने अहवाल दिला होता, आणि तो कित्येक दशके लोकांपुढे आला नव्हता. त्या फुलंब्रीच्या बाईच्या घरातही एखादी पाठ असलेली रात्र असेल. आजीने तिला विचारले नाही, तिने आजीला विचारले नाही. वडाखालच्या अर्ध्या तासात दोघींनी ही गोष्ट बाजूला ठेवली होती, असे मी समजतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नानच्या भट्टीवर गेलो. नान-खलिया हे या शहराचे खाणे. महंमद तुघलकाच्या लष्कराबरोबर ते दौलताबादेस आले, अशी दंतकथा आहे. खलिया मांसाचा, आणि आईच्या गळ्यात माळ. तेव्हा आम्ही नुसती गरम नान घेतली व मुलांनी ती घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली. (जाणकारांनी नाक मुरडू नये; चांगली लागते.) आईने खाल्ली नाही. "तुम्ही खा, मला नको," एवढेच म्हणाली. पण भट्टीसमोरून ती हलेना. जमिनीत पुरलेला तो मोठा तंदूर, गादीवर कणकेची चकती थापून आत वाकून भिंतीला चिकटवणारा माणूस, पुन्हा वाकून लोखंडी सळईने ती काढणारा दुसरा. तीस वर्षे भाकरी थापणाऱ्या बाईची ती नजर होती. तिने मला विचारायला लावले, की हात भाजत नाही का. त्या माणसाने बाही वर करून कोपरापर्यंतचे डाग दाखवले. आईने पदर सारून आपल्या मनगटावरचा तव्याचा डाग दाखवला. दोघेही हसले. माळ होती म्हणून तिने खाल्ले नाही, आणि कारागीर होती म्हणून ती अर्धा तास पाहत राहिली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला मुलांना समजावून सांगावे लागले नाही. ती तेथेच होती.

फसवणूकही एकदा झाली. परतीच्या वेळी बसस्थानकापर्यंत एका रिक्षावाल्याने दुप्पट पैसे घेतले. तो अगदी शुद्ध मराठी बोलणारा होता, म्हणून आजीने त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

गाडी सुटण्यापूर्वी मी भाच्याकडे त्याची वही मागितली. 'आपले' या पानावर भाकर, शेत, पाऊस, बैल, माय यांच्याखाली त्याने पाणचक्कीहून आल्यावर आणखी एक शब्द लिहिला होता, 'पाणी', आणि पुढे कंसात 'डोंगरातले'. वही त्याने दिली नाही. गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला. त्याने शाळेच्या पाटीवर आपले नाव उर्दूत लिहून दाखवले. काही मुले हसली, एकाने त्यावरून भांडण काढले, आणि घरी येऊन तो दोन दिवस गप्प होता. मग त्याने मला फोन करायला लावले. त्याला एवढेच विचारायचे होते, की पाणचक्कीचे पाणी डोंगरात जेथून निघते ती जागा पाहता येईल का. मी इतिहासाच्या सरांकडे जुन्या नहरीच्या नकाशाची चौकशी केली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो येणार आहे. आजीही येईन म्हणते.